बादलीमिस्त्रीचा ढाळ

सकाळी सातलाच आभाळ ओल्या पोत्यासारखं गल्लीवर लोंबत होतं. वारा नाही, पानही हलत नव्हतं, आणि अंगाला असा चिकट घाम की सदरा काढला तरी घातल्यासारखाच वाटावा. अशा हवेत फरशीचे सांधे भरू नयेत, हे बादलीमिस्त्रीला कुणी सांगायची गरज नव्हती. तीस वर्षं तो हेच करत आला होता. तरीही तो गल्लीच्या वरच्या टोकाला हेडमास्तरांच्या अंगणात उकिडवा बसला होता आणि पांढऱ्या सिमेंटमध्ये लाल रंग कालवून फरश्यांच्या फटी भरत होता. कारण हेडमास्तरांचे व्याही दुपारी जेवायला यायचे होते, आणि व्याह्यांचं अंगण म्हणे आरशासारखं होतं.

"मिस्त्री, ती भिंतीकडची रेघ जरा फिकी वाटत नाही?" हेडमास्तर पायरीवरून म्हणाले. शाळा सुटून त्यांना अकरा वर्षं झाली होती, पण समोरचा माणूस अजून त्यांना बाकावर उभा करण्याजोगाच दिसायचा.

"वाळली की गडद होईल, सर."

"आणि पाऊस आला तर?"

"तर रंग धुऊन जाईल. म्हणून कालच म्हटलं होतं, दोन दिवस थांबू."

"व्याही थांबणार आहेत का दोन दिवस?"

मिस्त्रीनं फडकं पिळलं. घाईच्या गिऱ्हाइकाचा त्याला मनापासून तिटकारा होता. काम बिघडलं की हीच माणसं पुढची दहा वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या फटी बोटानं दाखवतात आणि नाव मिस्त्रीचं घेतात.

नाव त्याचं तसं मोठं होतं. बादलीमिस्त्री हे नाव त्याला एका सवयीनं चिकटलं होतं. अंगणाचं काम पुरं झालं की तो घरच्या बाईकडे काठोकाठ भरलेली बादली मागायचा. सगळ्या घराला बाहेर बोलवायचा. मग अंगणाच्या मागच्या कोपऱ्यात ती बादली एका झटक्यात ओतायचा आणि मोठ्यानं वीस अंक मोजायचा. विसाच्या आत शेवटची धार फाटकाबाहेर गेली पाहिजे. कुठे नखाएवढं डबकं राहिलं तर तेवढ्या फरश्या तो तिथल्या तिथे उखडायचा, कुणी नको म्हटलं तरी. लोक टाळ्या वाजवायचे. शेजारीण फाटकातून बघायची आणि पुढच्या महिन्यात तिच्याही अंगणातला चिखल, गवत, गांडुळं आणि जुनं पेरूचं झाड मिस्त्रीच्या हवाली व्हायचं. असं करत करत उताराच्या त्या एका गल्लीतली बावीस अंगणं त्याच्या हाताखालून गेली होती. प्रत्येकाचा ढाळ, म्हणजे फरशीचा उतार, फाटकाकडे. एकातही थेंब उभा राहत नव्हता.

साडेआठला पहिला थेंब पडला. दुसरा पडलाच नाही, एकदम सगळे पडले.

मिस्त्रीनं प्लास्टिकचा कागद ओढायला धाव घेतली, पण कागद एवढासा आणि अंगण हे एवढं. पत्र्यावर कुणी खडी ओतावी तसा आवाज व्हायला लागला. समोरची भिंत दिसेना. फटींमधून आधी बारीक लाल दोरे सुटले, मग दोऱ्यांचे पट्टे झाले, आणि बघता बघता अख्ख्या अंगणावरून लाल पाणी फाटकाकडे पळत सुटलं. सकाळपासूनचं काम डोळ्यांदेखत गल्लीत चाललं होतं.

हेडमास्तर मात्र छत्री उघडून पायरीवर आले. रंगाचं त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

"अगं, बघायला ये!" त्यांनी आतल्या बाईंना हाक मारली. "केवढा धो धो पडतोय, आणि अंगणात ठिपूस उभा नाही! मिस्त्री, आज तुमच्या बादलीची गरजच नाही. वरूनच ओततोय!"

"रंग गेला, सर."

"आँ?"

"बघा की. तुमचा लाल रंग चालला फाटकातून."

मिस्त्रीनं कागद तिथेच टाकला. त्याचा फोन सिमेंटच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलेला होता, तो मघापासून कुरकुरत होता. बायको होती.

"अहो, आक्का फोन उचलेनात. तिसऱ्यांदा लावला. तुम्ही जवळच आहात, बघून या. दाजींचं काही…"

पुढचं त्यानं ऐकलं नाही.

आक्का म्हणजे त्याची मोठी बहीण. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता आणि आक्का सतरा. तिनं त्याला वाढवला, शाळेत घातला, शाळा त्याला झेपली नाही तेव्हा एका गवंड्याच्या हाताखाली लावला, आणि स्वतः लग्न करून माहेरच्या याच गल्लीच्या खालच्या टोकाला, नाल्याच्या अलीकडच्या घरात आली. दाजी बसचे ड्रायव्हर. तीन वर्षांपूर्वी त्यांची उजवी बाजू गेली. आता दिवसभर चाकाच्या खुर्चीत, फाटकाशी. आला-गेला त्यांच्याशी दोन शब्द बोलायचा, आणि त्या दोन शब्दांवर त्यांचा दिवस निघायचा. आक्का आत मशीनवर शाळेचे गणवेश शिवायची.

आक्काच्या घरात गेली तीन वर्षं पाणी शिरत होतं. गेल्या वर्षी पाणी उतरल्यावर तिनं आवाज न चढवता सांगितलं होतं, "अजून एकदा आलं ना, की मी ह्यांना घेऊन लेकीकडे जाते." लेक शहराच्या दुसऱ्या टोकाला, चौथ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. दाजींना चौघांनी उचलून एकदा वर चढवलं की ते परत खाली येणार ते तिरडीवरूनच, हे तिघांनाही ठाऊक होतं आणि कुणी बोललं नव्हतं.

मिस्त्री गल्लीत उतरला तेव्हा पाणी घोट्यापर्यंत होतं.

आधी त्याला शिसारी आली ती पाण्यात वाहणाऱ्या घाणीची. लहान पोरांचे लंगोट, अंड्याची टरफलं, एक टूथब्रश, केसांचा गुंता, आणि पिशव्या, पिशव्या, पिशव्या. एक तर त्याच्या पोटरीला असा विळखा घालून बसली की त्यानं लाथ झाडली आणि तोल जाऊन खांब धरला. माणसं कुठलीही घाण उंबऱ्याबाहेर टाकली की नाहीशी झाली असं समजतात, असं काहीतरी तो पुटपुटला. नाला साफ न करणाऱ्या पालिकेच्या नावानं थुंकला. थुंकीसुद्धा त्याच्या पुढे पुढे खाली चालली.

खांब धरून उभा होता ते फाटक डॉक्टरीणबाईंचं. फाटकाखालून पाण्याची चादर बाहेर येत होती, सरळ, एकसारखी, कुठे अडखळण नाही. त्या अंगणाचा ढाळ त्यानं बारा दिवस पातळी बघायची पाण्याची नळी लावून साधला होता. उपजत सवयीनं त्याला वाटलं, काय सुरेख उतरतंय!

पुढचं फाटक गॅरेजवाल्याचं. तिथूनही तशीच चादर. त्याच्यापुढे जुळ्या भावांचं. त्या दोघांची एका वितीवरून भांडणं होती, म्हणून दोघांना वेगवेगळा ढाळ हवा होता, आणि त्यानं तो दिला होता. दोन चादरी. मग बँकेतल्या बाईंचं, मग विधुर कंपाउंडरचं. तिथे पेरूचं झाड त्यानं स्वतः मुळासकट काढलं होतं आणि खड्डा काँक्रीटनं भरला होता. प्रत्येक फाटकाशी पाणी बोटभर चढत होतं. त्याच्या हातून गेलेली बावीस अंगणं फाटकांच्या खालून एकाच वेळी बादल्या ओतत होती, आणि विसाच्या आत.

लहानपणी याच गल्लीत तो असाच पाऊस बघत बसायचा. पाऊस तेव्हाही असाच वेड्यासारखा पडायचा, पण गल्लीला पाणी यायला दुपार व्हायची. आधी अंगणं प्यायची, झाडांची आळी प्यायची, उरलंसुरलं हळूहळू खाली जायचं, आणि तोवर नाल्याला उसंत मिळायची. आता पाऊस पडायला लागून अर्धा तास झाला नव्हता आणि पाणी गुडघ्याला लागलं होतं. पाणी तेवढंच. त्याला घाई नवी लागली होती. ती कुणी लावली?

त्यानं नाक दाबून धरलं आणि चालत राहिला.

आक्काचं दार उघडंच होतं. आत पाणी मांडीपर्यंत. मोरीच्या भोकातून काळपट पाणी बुडबुड करत उलटं वर येत होतं. मशीन टेबलावर, टेबल दोन खुर्च्यांवर, आणि शिवलेल्या गणवेशांचं गाठोडं आक्काच्या डोक्यावर. दाजींच्या खाटेच्या पायांखाली विटा होत्या, तरी पाणी गादीला टेकलं होतं. आक्का एका हातानं खाट धरून उभी होती.

"ये," ती म्हणाली. "पाय पुसून ये म्हणायची सोय नाही आज."

"फोन का उचलला नाहीस?"

"मोरीत पडला. काढतोस?"

खाटेवरून दाजी जड जिभेनं म्हणाले, "मेहुणे… बादली… आणली का? आज… वीस नाही… दोनशे मोजा."

तिघंही हसले. हसणं तोंडात असतानाच आक्का ओरडली. चादरीचं लोंबतं टोक लालभडक झालं होतं.

"रक्त! ह्यांना लागलं! अरे, ह्यांना त्या पायाला कळत नाही, बघ तरी!"

मिस्त्रीनं घाईघाईनं दाजींचा लुळा पाय उचलला, तळवा बघितला, बोटं बघितली, पोटरी चाचपली. कुठे ओरखडा नव्हता. तोवर आक्कानं चादर पिळली. ओंजळीत लाल पाणी आलं. तिनं ते नाकाशी नेलं, दोन बोटांत चोळलं. तिचा हात हळूहळू खाली आला.

"रंग आहे," ती म्हणाली. "सांध्यांचा. कुणाकडे लाल भरतोयस?"

"हेडमास्तरांकडे."

"वरच्या टोकाला?"

"हं."

"सकाळी भरलास?"

"सकाळी."

आक्कानं ओंजळ सोडली. लाल पाणी काळ्या पाण्यात मिसळून गेलं. दाजींनी डोळे मिटले.

"त्यांच्याकडे चिंच होती," आक्का म्हणाली. "तिच्या बुडाशी आम्ही लपंडाव खेळायचो तर पाय रुतायचे."

"काढली ती. मुळं फार होती."

"मग," ती म्हणाली, आणि दाजींच्या काखेत हात घालून म्हणाली, "धर तिकडून. ह्यांना टेबलावर बसवू."

दुपारी एकनंतर पाणी ओसरलं. पाणी असतं तेव्हा निदान ते घाण झाकून ठेवतं. ओसरलं की मागे काय उरतं ते ज्यानं काढलंय त्यालाच माहीत. भिंतीला कमरेएवढी काळी रेघ. फरशीवर बोटभर बुळबुळीत गाळ, त्यात कुणाच्या तरी घरातले नासके कांदे, झुरळं, आणि चुलीच्या ओट्याखाली पोट फुगलेली घूस, चारही पाय वर करून. मिस्त्रीनं ती शेपटीला धरून पिशवीत घातली आणि दारात जाऊन दोनदा ओकला. मग तोंड धुतलं आणि पुन्हा आत आला. खराट्यानं गाळ ढकलला, बादल्या ओतल्या, फिनेल ओतलं, पुन्हा खराटा. फिनेलनं वास गेला नाही, नुसता फिनेलचा वास त्यात मिळाला.

आक्का दाजींना पुसत होती.

"रविवारी टेम्पो घेऊन येते म्हणाली," ती म्हणाली. शेजारच्या फोनवरून तिचं लेकीशी बोलणं झालं होतं. "ट्रंक तेवढी माळ्यावरून काढून दे."

"आक्का, नको जाऊस."

"राहू कशी? सांग. मी काही म्हणत नाही, तूच सांग."

मिस्त्री खराट्याला टेकून दारातून अंगणाकडे बघत राहिला. हे अंगणही त्याचंच. तीन वर्षांपूर्वी दाजी महिनाभर हॉस्पिटलात होते, आक्का त्यांच्या उशाशी. तेव्हा त्यानं कुणाला न सांगता हे अंगण केलं होतं. खुर्ची ढकलायला सोपं जावं म्हणून. पूर्वी ते अंगण गल्लीपेक्षा वीतभर खोल होतं, मातीचं, दोन केळी आणि अळूची पानं. त्यानं भर टाकली, काँक्रीट केलं, उंबऱ्याच्या बरोबरीला आणलं. वर पिवळ्या फरश्या. आयुष्यात त्यानं एवढं देखणं काम केलं नव्हतं.

आणि पाणी घरात शिरायला लागलं ते त्याच पावसाळ्यापासून. हा हिशोब इतका सोपा होता की तो आपल्याला तीन वर्षांत सुचला नाही याचीच त्याला किळस आली.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला.

आक्का दाजींची बोटं पुसत राहिली.

"सांगायचं होतंस ना, आक्का!"

"काय सांगू? हॉस्पिटलातून आले तर तू फाटकात उभा. हातात भरलेली बादली. चौथीत पास झालास तेव्हा असाच उभा होतास, ते गुणपत्रक घेऊन. पुन्हा कधी तसा उभा राहिलेला मी तुला बघितला नव्हता." तिनं फडकं पिळलं. "ओत म्हटलं. ओतलंस. टाळ्या वाजवल्या."

दाजी म्हणाले, "मीही… एका हातानं."

मिस्त्रीनं खराटा भिंतीला टेकवला आणि तो बाहेर पडला.

गल्ली चढताना प्रत्येक फाटकाशी त्याला थांबावंसं वाटत होतं आणि प्रत्येक फाटकाशी त्याची जीभ उचलत नव्हती. तरी चार ठिकाणी विचारलं. फाटकाजवळच्या दोन ओळी काढू, खाली खोल खड्डा घेऊ, खडी आणि वाळू भरू, पाणी तिथे मुरेल. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, विचार करून सांगते, म्हणजे नाही. गॅरेजवाला हसला, "मिस्त्री, काम मिळेना झालंय का? आता घातलेलं उखडायला लागलात!" जुळ्यांपैकी एक म्हणाला, आधी त्याचं काढा. दुसरा म्हणाला, आधी ह्याचं काढा. बावीस घरांत कोरडे पाय घेऊन बसलेली ही माणसं, आणि त्या कोरड्या पायांची एवढी घाण त्याला पूर्वी कधी वाटली नव्हती. त्यांना कोरडं कुणी केलं, हे मात्र प्रत्येक फाटकाशी त्याला आठवत होतं.

हेडमास्तर पायरीवरच होते.

"आलात! सगळा रंग गेला, मिस्त्री, सगळा! आणि व्याहीही आले नाहीत. अर्ध्या वाटेतून परत फिरले. का, तर म्हणे खाली पाणी तुंबलंय. काय हो ही खालची माणसं! एक नाला साफ ठेवता येत नाही?"

"खाली तुमचंच पाणी होतं, सर."

"माझं? पाण्यावर माझं नाव लिहिलंय का?"

"लाल होतं."

हेडमास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मिस्त्रीनं चादरीचं सांगितलं. आक्काला रक्त वाटलं तेही सांगितलं. दोन ओळींचंही सांगितलं.

"हे पहा," हेडमास्तर म्हणाले, "तुमच्या बहिणीबद्दल मला वाईट वाटतं. पण नव्याकोऱ्या अंगणात खड्डा? उद्या व्याही विचारतील, हे काय, तर काय सांगू? हा गल्लीच्या पाण्यासाठी? मी एकट्यानं खड्डा केल्यानं गल्ली कोरडी राहणार आहे?"

"नाही राहणार."

"मग?"

मिस्त्री वळला, तेवढ्यात आतून बाई आल्या. हात कणकेनं भरलेले. हेडमास्तरांच्या बाई चार माणसांत फारशा बोलत नसत.

"मिस्त्री, त्या खड्ड्यात लिंबू लागेल का?"

"लागेल की."

"नाही, खडीत कसं लागेल?"

"कडेला मातीचं आळं ठेवतो ना. लिंबाला पाणी आयतंच मिळेल."

"मग काढा," बाई म्हणाल्या.

"अगं, पण…"

"चिंच काढलीत तेव्हा मला विचारलं होतंत? चार वर्षं झाली लिंबू लिंबू करतेय, कुंडीत लावा म्हणता. कुंडीत लिंबू लागतं का कधी?" त्या मिस्त्रीकडे वळल्या. "फाटकाजवळ नको, न्हाणीच्या बाजूला. तिथे ऊन येतं."

"पाणी फाटकाकडे जातं, बाई. तिथेच हवा."

"बरं, फाटकाजवळ."

मिस्त्री तिथेच पायरीवर क्षणभर बसला. आक्कासाठी गल्लीत एक फरशी निघाली नव्हती. लिंबासाठी दोन ओळी निघाल्या. हसावं की थुंकावं त्याला कळेना. त्यानं दोन्ही केलं नाही. पिशवीतून छिन्नी आणि हातोडा काढला.

पण पहिला घाव त्यानं तिथे घातला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच तो आक्काच्या अंगणात होता. दाजींना खुर्चीत बसवून उंबऱ्याच्या आत आणलं होतं. आक्का दारात, कमरेवर हात.

"सगळं?" तिनं विचारलं.

"दारापासून फाटकापर्यंत दोन फरश्यांची पट्टी ठेवतो. खुर्चीपुरती. बाकीचं सगळं."

"पिवळ्या चांगल्या होत्या रे."

"होत्या."

पहिली फरशी निघेना. त्यानंच बसवलेली, खाली पोकळ राहू नये म्हणून मसाला चारी कोपऱ्यांत दाबून भरलेला. दुसरा एखादा मिस्त्री असता तर पायानं उडवून निघाल्या असत्या. त्याला आपल्याच हाताचा राग आला, आणि त्या रागातच थोडा जुना गर्वही होता, त्याचीही त्याला चीड आली. नवव्या घावाला फरशी फुटली. मग एकामागून एक. दुपारपर्यंत फरश्या, संध्याकाळपर्यंत काँक्रीट, दुसऱ्या दिवशी भर. बायको डबा घेऊन आली, नाकाला पदर लावून उभी राहिली आणि म्हणाली, "तीस वर्षं घरी येताना सिमेंट आणलंत, आता चिखल आणा." पण मग पदर खोचून तीच फुटक्या फरश्यांचं राबिट घमेल्यानं बाहेर टाकू लागली. तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, अंगण पुन्हा वीतभर खोल झालं. खाली जुनी माती निघाली, तीन वर्षं दाबून ठेवलेली, उग्र वासाची. आक्कानं ती चिमटीत घेऊन दाजींच्या नाकाशी नेली. दाजींनी तोंड वाकडं केलं.

"मेलेल्या… टायरसारखी," ते म्हणाले.

"श्वास कोंडलेला होता तिचा. दोन उन्हं लागली की सुधारेल," आक्का म्हणाली.

मिस्त्रीनं मधे खोल खड्डा घेतला, खडी भरली, कडेला माती सैल केली. ट्रंक दाराशी भरून ठेवलेली होती. तिच्याकडे बघायचं तो टाळत होता.

शनिवारी सकाळी पाऊस आला. त्या दिवसाएवढा नव्हता, पण बऱ्यापैकी दांडगा. हेडमास्तरांकडचा खड्डा नुकताच पुरा झाला होता; मिस्त्री हातातलं काम टाकून छत्री न घेताच खाली धावला. गल्लीतून पाणी आलं, पट्टीच्या दोन्ही बाजूंनी अंगणात उतरलं आणि चढू लागलं. काळं, फेसाळ, पुढे पिशव्या नाचत. आक्का उंबऱ्यावर उभी, दाजी तिच्या मागे खुर्चीत. पाणी चढत चढत उंबऱ्याखाली चार बोटांवर आलं. मिस्त्रीच्या ओठांवर सवयीनं अंक आले होते. सातापर्यंत गेले आणि थांबले. मोजून काय होणार होतं? पाणी तिथेच उभं राहिलं. घाणेरडं, डबक्यासारखं, आयुष्यभर त्यानं ज्याचा तिटकारा केला तसं उभं. पाऊस मंदावला. कितीतरी वेळानं त्या पाण्यात खडीच्या खड्ड्यावर एक बुडबुडा आला. मग दुसरा.

"पितंय," आक्का म्हणाली.

"हळू पितंय."

"हळूच प्यायचं असतं."

"आक्का, हा त्या दिवसाएवढा नव्हता. परत तसा आला तर मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही."

"मी कुठे सांग म्हणतेय?" ती उंबऱ्यावरच बसली आणि तिनं पाय वर घेतले. "वरच्या बावीसांपैकी किती झाली?"

"एक कबूल. तीही लिंबासाठी."

"मग उरलेल्यांना विचार, काय लावायचंय. कुणाला मोगरा, कुणाला शेवगा. गल्लीला पाण्याचं सांगू नकोस, झाडाचं सांग." मग ती मागे वळून दाजींना म्हणाली, "लेकीला फोन लावा हो, ह्या रविवारी टेम्पो नको म्हणावं. हा पावसाळा बघते."

"पुढचा?" दाजींनी विचारलं.

"पुढच्याचं पुढे. ह्याची अंगणं किती निघतात त्यावर आहे."

दाजींनी डाव्या हातानं मिस्त्रीचा फोन मागितला. मिस्त्रीनं तो सदऱ्याला पुसून दिला. मग पट्टीवरून, दोन्हीकडच्या गढूळ पाण्याच्या मधून, तो फाटकाबाहेर पडला. एक पिशवी फाटकात अडकली होती. ती त्यानं दोन बोटांनी उचलली, तोंड फिरवलं आणि खिशात कोंबली. गल्लीत टाकली असती तर पुढच्या पावसात परत आक्काच्याच फाटकात आली असती.

वर हेडमास्तरांच्या फाटकाशी खड्डा तयार होता, बाई लिंबाचं रोप घेऊन उभ्या होत्या, आणि हेडमास्तर पायरीवरून सांगत होते की उरलेल्या फटी अजून उघड्याच आहेत आणि व्याही आता सोमवारी येणार आहेत. मिस्त्रीनं पांढरं सिमेंट घमेल्यात ओतलं. लाल रंगाचा डबा उघडला, आत बघितलं, आणि झाकण लावून बाजूला ठेवला.

"रंग?" हेडमास्तरांनी विचारलं.

"पांढरंच राहू द्या, सर," तो म्हणाला. उकिडवा बसला, फडकं भिजवलं आणि भिंतीकडची पहिली फट भरायला घेतली.